रेल्वेची ट्रायल की परदेशातली लीग? आधी कोर्टवरची जागा ठरव

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय वीस, उंची सहा फूट चार इंच, कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात आहेस आणि राज्य स्पर्धाही खेळला आहेस. ओळखीतून भेटलेला एक एजंट म्हणतोय, साडेतीन लाख भर, पूर्व युरोपातल्या एका लीगमध्ये बसवून देतो. पप्पांचं म्हणणं, रेल्वेच्या ट्रायलची तयारी कर, हे खूळ डोक्यातून काढ. आणि तू विचारतोयस की अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला इश स्मिथ स्टार नसताना तेरा टीम फिरला आणि चौदा सीझन खेळला, मग मी का नाही? वयानं लहान आहेस म्हणून सरळ ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

साडेतीन लाखांचं उत्तर लगेच देतो: एक रुपया देऊ नकोस. कारण पुढं येईलच. राहिला नोकरी की लीग हा प्रश्न, तर तो मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला प्रश्न तू विचारलेलाच नाहीस. तुझ्या लिहिण्यात एक वाक्य आहे, ‘पोस्टमध्ये मला कुणी थांबवू शकत नाही.’ पोस्ट म्हणजे बास्केटजवळची, पाठ करून खेळायची जागा. माझ्या मते तुझी खरी अडचण या वाक्यात आहे.

मी मुंबईत एका खात्याच्या संघातून खेळलो, बहुतेक वर्षं बेंचवरून उठून येणारा गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) म्हणून. नंतर आमंत्रित स्पर्धांत गेस्ट प्लेयर म्हणून बऱ्याच गावचं पाणी प्यालो. आता कोल्हापुरात पोरांना शिकवतो आणि बाहेरून कुणाला बोलावणं आलं तर त्याची कागदपत्रं वाचून देतो. तेव्हा जे सांगतोय ते या दोन्ही बाजूंनी बघून सांगतोय.

आपल्याकडं पोरगा आठवीत इतरांपेक्षा वीतभर उंच दिसला की पीटीचे सर त्याला बास्केटखाली उभा करतात. रिबाउंड घे, वळ, टाक. शालेय स्पर्धेत हे चालतं. आंतरमहाविद्यालयीनमध्येही चालतं, कारण समोरचा सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच खेळाडू, सहा-एकचा असतो. सात-आठ वर्षं पोरगा बास्केटकडं पाठ करूनच खेळतो. बॉल ड्रिबल करत वर आणायचं काम त्याला कुणी देत नाही, आणि चुकून लांबून मारला तर सर बाहेर बसवतात. मग तो मोठ्या ट्रायलला जातो. तिथं रेल्वेचे, सर्व्हिसेसचे, पंजाबचे सेंटर सहा-आठच्या वरचे. अमृतपाल सिंग तर जवळपास सात फूट. विशेष भृगुवंशी भारताचा कॅप्टन होता, २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. तो साधारण तुझ्याच उंचीचा, आणि तो गार्ड आहे. म्हणजे गडहिंग्लजच्या मैदानावर तू सेंटर असशील, पण चेन्नईत, लुधियानात किंवा युरोपात तू गार्ड आहेस, फार तर विंग, म्हणजे कडेनं खेळणारा. आणि गार्डचं एकही काम तुला अजून कुणी शिकवलेलं नाही. यात तुझा दोष काही नाही, पण भोगायचं तुलाच आहे.

तू इश स्मिथचं उदाहरण दिलंस. माणूस भारीच आहे. २०१० मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीमच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणी घेतला नाही, उंची सहा फूट, तरी तेरा वेगवेगळ्या एनबीए टीमकडून खेळला. एवढ्या टीमकडून दुसरं कुणी खेळलेलं नाही. २०२३ मध्ये डेन्व्हरबरोबर विजेतेपदही मिळालं. पण तो काय विकत होता ते बघ. भन्नाट वेग, आणि मुख्य गार्ड विश्रांतीला बसला की दुसऱ्या फळीचा खेळ विस्कटू न देता चालवणं. प्रत्येक टीमला हे काम करणारा एक माणूस लागतोच. कुणाचा गार्ड जखमी झाला की त्याचा फोन वाजायचा.

तुझ्यासाठी मी दुसरं नाव सांगेन, पी. जे. टकर. उंची सहा-पाच. टेक्सास विद्यापीठात तो आत, बास्केटजवळ खेळायचा, आणि २००६ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सचा (कॉलेजांच्या गटाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी टोरांटोनं ड्राफ्टमध्ये ३५ व्या नंबरवर घेतला आणि पुढच्या वर्षी सोडून दिला. एनबीएत त्या उंचीच्या पोस्ट प्लेयरला जागाच नसते. मग पाच वर्षं इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी. २०१२ मध्ये फिनिक्सनं त्याला परत एनबीएत आणलं. पुढं त्याचं नाव झालं ते दोन गोष्टींसाठी: समोरच्या सगळ्यात अवघड माणसाला धरून ठेवणं आणि कोपऱ्यातून तीन गुण मारणं. २०२१ मध्ये मिलवॉकीबरोबर विजेता ठरला. कॉलेजात ज्या खेळावर त्याला बक्षिसं मिळाली, तो खेळ बाजूला ठेवून त्यानं पोट भरलं. तुला हेच करायचं आहे, फक्त पाच देश फिरण्याआधी, इथंच.

म्हणजे नेमकं काय करायचं? फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) कोर्टवर तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर असते, पण कोपऱ्यात ती बाजूच्या रेषेला समांतर जाते आणि अंतर ६.६० मीटर पडतं. सगळ्यात जवळचा तीन गुणांचा शॉट तोच. समोरच्या बेसलाइनवरून पळत ये, कोपऱ्यात पाय रोव, पास घे, मार. परत बेसलाइनला जा. दहाचा सेट, मध्ये थांबायचं नाही, दोन्ही कोपरे. जागेवर उभं राहून दहातले सात घालणारी पोरं माझ्याकडं बरीच आहेत. पळवून आणलं की तीच पोरं चारवर येतात. तुझा खरा आकडा हा दुसरा. तो लिहून ठेव आणि महिन्याभरानं पुन्हा बघ.

दुसरी गोष्ट बचाव. तुझा माणूस बॉल घेऊन निघाला आणि त्यांचा सेंटर तुझ्या वाटेत स्क्रीन लावून, म्हणजे भिंतीसारखा आडवा, उभा राहिला. पोस्टमध्ये वाढलेला पोरगा इथं छाती भिडवून अडकतो. मग एक तर फाउल होतो, नाही तर समोरचा सुटतो. गार्डला खांदा तिरका करून, पुढचा पाय स्क्रीनवाल्याच्या पायापलीकडं टाकून, वरच्या बाजूनं निसटावं लागतं. हे पायाचं काम आहे, ताकदीचं नाही. ट्रायलला बसलेला कोच तुझे पॉइंट्स मोजायच्या आधी हे बघतो. मी तरी हेच बघतो. डाव्या हातानं ड्रिबल, आणि अंगावर बचाव असताना बॉल न गमावता अर्धं कोर्ट पार करणं, हे तर आलंच.

आता परदेशातल्या लीगचा विचार. बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंना मोजक्याच जागा असतात. शाहू स्टेडियमवर केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) फुटबॉल सीझनमध्ये तालमींचे संघ बाहेरून खेळाडू आणतात, आफ्रिकन पोरंही आलेली तू बघितली असशील. दोन सामन्यांत गोल नाही झाला की गॅलरीतून काय ऐकू येतं? ‘ह्याला कशाला आणलाय?’ पेठेतल्या पोरानं सोपा गोल घालवला तर शिव्या पडतात, पण तो पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात असतो. बाहेरून आणलेल्याला ती सवलत नाही. तू युरोपात गेलास की तो बाहेरचा तू असशील. क्लबच्या मोजक्या परदेशी जागांपैकी एक तुझ्यावर खर्च झाली, तर तुझ्याकडून त्यांच्या गावातल्या पोरापेक्षा ठळकपणे जास्त अपेक्षा असणार, आणि ती जागा अमेरिकन कॉलेजातून आलेल्या शेकडो पोरांना हवी असते. तुझ्या आजच्या खेळावर ती जागा मिळणार नाही. मिळवून देतो म्हणणारा थापा मारतोय.

आपले कोण कोण बाहेर गेले ते बघ. सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला, एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. टेक्सास लेजेंड्सकडून खालच्या लीगमध्ये खेळला, भारतात खेळला, कॅनडात खेळला आणि शेवटी व्यावसायिक कुस्तीकडं वळला. अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटीच्या जी लीग (एनबीएच्या खालची लीग) टीममध्ये. अमृतपाल जपानमध्ये आणि मग २०१७ मध्ये सिडनी किंग्जकडं. विशेष भृगुवंशी त्याच वर्षी अॅडलेडला, पण फक्त सरावाच्या करारावर. देशातल्या पहिल्या रांगेतली ही पोरं, भारतीय संघातून किंवा चांगल्या अकादमीतून सगळ्यांच्या नजरेत आलेली. तरीही बाहेर त्यांचा जम बसणं अवघड गेलं. तुला घाबरवत नाही. बाजार कसा आहे ते सांगतोय.

पैशाचं बोलू, कारण पप्पांचा मुद्दा तोच असणार. एनबीएचा फिरता खेळाडू आणि बाकी जगातला फिरता खेळाडू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनबीएत नवख्याचा किमान वर्षाचा पगारही २०२३-२४ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर होता. तिथं दहा दिवसांचा करार असतो, दहा दिवस किंवा तीन सामने, जे जास्त असेल ते. एका टीमला एकाच खेळाडूशी एका सीझनमध्ये असे दोनच करार करता येतात. त्यानंतर ठेवा नाही तर सोडा. त्या दहा दिवसांतही माणूस कमावतो. पण तीस टीम, प्रत्येकी पंधरा नियमित जागा. तो विषय आपण सोडून देऊ.

युरोपातल्या खालच्या लीगमध्ये नवख्या परदेशी खेळाडूला महिना हजार-दीड हजार डॉलर, राहायला फ्लॅट आणि एखादं जेवण मिळतं. सीझन आठ महिन्यांचा धर. दीड हजारानं बारा हजार डॉलर होतात, म्हणजे दहा लाख रुपये. ऐकायला बरं वाटतं. त्यातून करार नसलेले महिने काढ. डिसेंबरात टीम हरायला लागली की पहिला बाहेरचा खेळाडू बदलतात, ते धर. गुडघा गेला तर फिजिओ स्वतःच्या खिशातून. आणि हे सगळं चांगलं चाललं तरी पस्तिशीपर्यंत. रेल्वेत लेव्हल २ ला सातव्या वेतन आयोगाप्रमाणं मूळ वेतन १९,९००, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. वर्षाचा आकडा लहान दिसतो, पण तो साठीपर्यंत येत राहतो आणि घोटा मुरगळला म्हणून थांबत नाही.

मग मी पप्पांच्या बाजूचा झालो का? अर्धा. नोकरी लागली की बॉल सुटला, अशी पोरंही मी बघितलीत. सकाळी सही, दुपारी चहा, संध्याकाळी अर्धा तास शूटिंग, दोन वर्षांत पोट पुढं. खात्याच्या संघात घेतात ते खेळासाठी, पण खेळात राहायचं की नाही हे तुझ्यावर सोडतात. दुसरीकडं आपल्याच राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघ. २०१५ ला मध्य रेल्वेत टीसी म्हणून लागला, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ. नोकरीनं त्याचा खेळ थांबवला नाही. अर्थात नेमबाज एकटा सराव करू शकतो, तुला आणखी नऊ जण लागतात. म्हणून मी म्हणेन, नोकरी निवडताना पगारापेक्षा संघ बघ. ज्या खात्यात रोज पाच-पाचचा सराव होतो आणि नॅशनल खेळणारे चार-सहा जण आहेत, तिथं कमी लेव्हलला लागलास तरी चालेल. विशेष भृगुवंशी ओएनजीसीत असतानाच अॅडलेडला गेला. खात्याचं एनओसी मिळवावं लागतं, रजेची भांडणं होतात, पण दार बंद होत नाही.

भारतातल्या लीगच्या भरवशावर मात्र बसू नकोस. यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये वाजत-गाजत आली आणि २०१७ नंतर थांबली. २०२२ मध्ये आयएनबीएल (इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग) सुरू झाली. संधी मिळाली तर जरूर खेळ, तिथं लोक बघतात. पण घराचा हप्ता त्यावर बांधू नये.

वेळेचा हिशेब तुझ्या बाजूनं आहे. रेल्वेच्या खेळाडू भरतीला १८ ते २५ ही वयाची चौकट असते. तू वीसचा आहेस. म्हणून मी तुझ्या जागी असतो तर दोन वर्षं गार्ड व्हायला दिली असती, पदवी पूर्ण केली असती आणि बाविसाव्या वर्षी विंग म्हणून खात्यांच्या ट्रायल दिल्या असत्या. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सीनियर नॅशनलमध्ये खेळायला मिळालं तर परदेशाचा विषय पुन्हा काढायचा, तेव्हा तुझ्याकडं दाखवायला काही असेल. आज सेंटर म्हणून ट्रायल दिलीस तर निवड झाली तरी दहाव्या-बाराव्या नंबरवर बसशील. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रं पडताळून घ्यावी लागतात. कुठल्या स्पर्धेतलं कितवं स्थान कुठल्या पदाला चालतं ते जीआरमध्ये नीट वाच आणि ते काम आताच सुरू कर. जाहिरात आल्यावर सगळे एकदम धावतात.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तू लिहिल्या नाहीस. गुडघे-घोटे कसे आहेत? घरी दोन वर्षं तुझ्या कमाईशिवाय भागतं का? भागत नसेल तर माझा सल्ला बदलतो: मिळेल ती खात्याची जागा आधी घे आणि गार्डचा खेळ तिथं जाऊन शिक. सावकाश होईल, पण होईल. आणि तिसरी गोष्ट, चाळीस मिनिटांत बारा मिनिटं मिळाली तर तुला चालेल का? विद्यापीठात तू बहुतेक पूर्ण सामना खेळत असशील. फिरत्या खेळाडूचं आयुष्य त्या बारा मिनिटांचंच असतं. थंड अंगानं उठायचं, दोन मिनिटांत कामाला लागायचं, आणि परत बसवलं की तोंड वाकडं करायचं नाही. काही फार चांगल्या पोरांना हे जमत नाही. तो स्वभाव असतो, त्यात कमीपणा नाही, पण मग हा धंदा आपला नाही.

आता एजंट. परदेशात काम करणाऱ्या बास्केटबॉल एजंटला फिबाचं लायसन्स लागतं आणि लायसन्सवाल्यांची यादी फिबाच्या साइटवर उघडी आहे. याचं नाव त्यात शोध. एजंटची फी सहसा क्लब देतो, कराराच्या दहा टक्क्यांच्या आसपास. खेळाडूकडून आधी रोख रक्कम मागणारा एजंट म्हणजे तिकीट काढून देणारा दलाल. ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बघू’ असं म्हणाला तर फोन ठेव. दुसऱ्या देशात खेळायचं तर आपल्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स जावं लागतं, त्याशिवाय क्लब तुझी नोंदणीच करू शकत नाही. त्याबद्दल हा माणूस एक शब्द बोललाय का?

पुढं कधी खरा करार हातात आला तर पगाराचा आकडा शेवटी वाच. आधी बघ की पैसे हमीचे आहेत का, की पहिल्या पंधरा दिवसांत ‘पसंत नाही’ म्हणून परत पाठवता येतं. मेडिकल चाचणी पोचल्यावर किती दिवसांत व्हायची आणि त्यात अडकलास तर परतीचं तिकीट कुणाचं. रक्कम कर कापून आहे की कापायच्या आधीची. पगाराची तारीख कुठली, आणि किती दिवस उशीर झाला तर तू करार सोडून मोकळा होऊ शकतोस. खेळताना दुखापत झाली तर पगार चालू राहतो का. आणि वाद झाला तर तो फिबाच्या लवादाकडं, बीएटीकडं, जाईल असं कलम आहे का. ते जिनिव्हातलं लवाद अशाच भांडणांसाठी २००७ पासून आहे, पण करारात कलम नसेल तर तुला त्याचा उपयोग नाही. मग परक्या देशात, परक्या भाषेत कोर्टाच्या पायऱ्या. मी वाचलेल्या एका करारात पगार व्यवस्थित होता, फ्लॅट होता, जेवण होतं, आणि दुखापतीच्या कलमाखाली एकच ओळ होती: करार त्या दिवशी संपेल. त्या पोराला मी सही करू दिली नाही.

तू शेवटी विचारलंयस की व्हिडिओ पाठवला तर बघाल का. बघेन. पण बास्केटखालच्या टोलेबाजीचे तुकडे जोडून, गाणं लावून पाठवू नकोस. त्यातून कुठल्याच कोचला काही कळत नाही. तुमच्या सरांना विनंती करून एक फ्रेंडली सामना विंगवर खेळून घे, कुणाला तरी सेंटरलाइनच्या बाजूला गॅलरीत उंचावर मोबाईल घेऊन बसव आणि पूर्ण सामना, न कापता, पाठव. बॉल गमावलेला, शॉट चुकलेला, स्क्रीनला अडकलेला, सगळं राहू दे. शॉट चुकल्यावर तू परत बचावाला किती वेगानं पळतोस, ते मी आधी बघणार आहे.